गुलामाचा बोध, सम्राटाची वही

बोध कोणाच्या मुखातून आला हे पाहावे, की तो काय सांगतो हे पाहावे? प्राचीन रोममधील दोन तत्त्वचिंतकांचे नाते या प्रश्नाचे उत्तर देते आणि पुढचा प्रश्नही विचारते.

एपिक्टेटस रोममध्ये गुलाम होता. पुढे मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलले तेव्हा तो ग्रीसमधील निकोपोलिसला जाऊन शिकवू लागला. आपली इच्छा, आपला विचार आपल्या हाती. देह, धन, पद आपल्या हाती नाही, हे त्याचे सांगणे. त्याने स्वतः काही लिहिले नाही. एरियन या शिष्याने लिहून ठेवले म्हणून ते टिकले.

मार्कस ऑरेलियस इ.स. 161 ते 180 या काळात सम्राट होता. त्याचा गुरू रस्टिकस याने आपल्याजवळची एपिक्टेटसच्या बोधाची प्रत त्याला दिली. सम्राटाने हे ऋण लपवले नाही. स्वतःसाठी लिहिलेल्या वहीच्या आरंभीच, ज्यांच्याकडून काही मिळाले त्यांना आठवताना, त्याने या प्रतीचाही उल्लेख केला.

इथे थोरपणाचा अभिमान गळाला खरा. पण त्याच्या राज्यात गुलामगिरी तशीच राहिली. गुलामाचा बोध शिरोधार्य झाला, माणूस मात्र बाजारात विकला जातच राहिला.

माउली, वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. घरी परतल्यावर शेतात राबणाऱ्या गड्याला, भांडी घासणाऱ्या बाईला तोच मान देतो का? नसेल, तर आपलाही बोध वहीतच राहिला म्हणायचा.