हनुवटीखालचा रुमाल

संध्याकाळी साडेपाचला आमच्या व्यायामशाळेत लहान गट येतो. साडेचार ते सहा वर्षांची मुलं. त्यांना सगळ्यात आधी शिकवायची ती साधी पुढची कोलांटी. पालकांना वाटतं, यात शिकवायचं काय? पोरं घरी गादीवर कोलांट्या खातातच की! खातात, पण बहुतेक वेळा टाळू टेकवून. सगळा भार मानेवर येतो आणि मूल एका कुशीवर कलंडतं. यात त्याचा दोष नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. पाच वर्षांचं मूल या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. डोकं जड, हात आखूड. त्याला दोन्ही हात कानाला लावून वर करायला सांगा, पंजे टाळूच्या फार वर जात नाहीत. त्या हातांवर अंग तोलायचं आणि मधून डोकं अलगद काढून घ्यायचं, हे त्याच्या परीनं केवढं मोठं काम!

म्हणून आम्ही उतारावरून सुरुवात करतो. जाड गादीच्या एका टोकाखाली दुसरी गादी सारली की झालं. बेडकासारखं बसायचं, पंजे खांद्यांइतक्या अंतरावर टेकायचे, बोटं पुढे. मग हनुवटी छातीला. हे नुसतं सांगून लहान मुलाला उमगत नाही, म्हणून रुमालाची घडी हनुवटीखाली द्यायची आणि सांगायचं, ही पडू द्यायची नाही हं. रुमाल टिकला की मान आपोआप आत वळते, टाळूऐवजी मानेमागचा भाग आणि खांदे टेकतात, पाठ गोल होते. ‘लाडू व्हा’ म्हटलं की गुडघे पोटाशी येतात. आपण शेजारी गुडघ्यांवर बसायचं, एक हात मुलाच्या मानेमागे, दुसरा मांडीमागे. हे हात आधाराचे. त्यांनी ढकलायचं नाही.

डाउन सिंड्रोम असलेलं मूल आलं तर आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा अशा मुलांत सैल असू शकतो. होकार मिळेपर्यंत कोलांटी नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

न ढकलण्याचा नियम मी स्वतः मोडलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा वाकून तसाच थांबला होता. मागे रांग खोळंबली होती. मी त्याच्या मांडीला रेटा दिला. तो आडवा पडला. लागलं काहीच नाही, पण त्यानंतर मी जवळ गेलो की तो ताठ व्हायचा. त्याच्या मानेतला तो ताठरपणा माझ्या हाताला अजून आठवतो. कोलांटीत सगळ्यात अवघड क्षण उलटं होण्याचा नसतो, त्याच्या आधीचा असतो. दोन पायांमधून मागची भिंत उलटी दिसते, आणि आता जमीन सोडायची की नाही हे एकट्या त्या जिवाला ठरवायचं असतं. ते त्याच्या वतीनं मला ठरवता येत नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘कोलांटउडी’ म्हणजे शब्द फिरवणं. मला ते नेहमी खुपतं. इतका प्रामाणिक प्रयत्न ज्यात लागतो, त्याचं नाव आपण अशा कामाला दिलं.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट दीपा कर्माकर व्हॉल्टवर ‘प्रोदुनोव्हा’ करून चौथी आली, १५.०६६ गुण, कांस्यपदक ०.१५० ने हुकलं. त्या उडीत व्हॉल्टवर हात टेकून हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या असतात. मी ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली आहे. वर हवेत तिचे गुडघे छातीशी, अंगाचा लाडू. तिच्या आगरतळ्यातल्या कुठल्याशा गादीवर तीही कधीतरी पहिल्यांदा वाकून थांबली असेलच.

यंदा आमच्याकडे एक पाच वर्षांची मुलगी आहे. पहिले सहा दिवस ती बेडूक व्हायची, हात टेकायची, पायांमधून बघायची आणि उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. आई भिंतीपाशी बसून म्हणायची, “अगं कर ना, तो बघ कसा करतोय!” मी त्यांना हळूच म्हटलं, “ताई, दोन दिवस जरा पाठ करून बसाल का?” त्या खरंच बसल्या. मनापासून आभार त्यांचे.

सातव्या दिवशी ती वाकली. बराच वेळ गेला. तिच्या मानेखाली माझा तळवा होता, त्याला तिचा श्वास कळत होता. मग कंबर वर आली, तळव्यावर क्षणभर भार आला आणि गेला. ती खाली उतारावर बसलेली होती, डोळे मोठ्ठे. उभी राहिली आणि झोकांडली. कानातलं पाणी अजून फिरत असतं, म्हणून एका वेळी दोन-तीनच कोलांट्या द्यायच्या. मी दंड धरून ठेवला. तिने आधी हनुवटीखाली हात घातला. रुमाल तिथेच होता, घामाने ओला.

“सर, पडला नाही,” ती म्हणाली, आणि मागच्या मुलाच्या हातात रुमाल देऊन रांगेच्या शेवटाकडे पळाली.