फळाचा कर्ता कोण?

हापूसचे कलम रायवळ कोयीच्या रोपावर बांधलेले असते हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असते; परंतु फळ हातात आले म्हणजे त्या रायवळाची आठवण कोणी काढीत नाही. नासपतीच्या बागाइतदाराला ही विस्मृती परवडत नाही. खालचा खुंट कोणता निवडला आणि त्यावर जात कोणती बांधली, या दोहोंच्या मेळावर तेथील उत्पन्न इतके अवलंबून असते की, पीक आले किंवा बुडाले असता त्याचा कर्ता म्हणून नेमके कोणाकडे बोट दाखवावे, हा प्रश्न निव्वळ कृषिशास्त्राचा राहत नाही.

युरोपात नासपतीचे कलम मुख्यतः दोन प्रकारच्या मुळांवर बांधतात. एक नासपतीच्याच बीपासून उगवलेले रोप. दुसरी बिही, म्हणजे जिचा बिहीदाणा आपल्याकडे हकीमवैद्यांच्या बटव्यात असे ती. बीजरोपावरचे झाड उंच, काटक आणि दीर्घायुषी होते, पण फळास येण्याला इतका विलंब लावते की नासपती लावावी ती वारसांसाठी, अशी इंग्रज लोकांत म्हणच पडली आहे. उलट केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने निवडून काढलेल्या बिहीच्या ‘ए’ किंवा ‘सी’ खुंटावरचे झाड ठेंगणे राहून तीन-चार वर्षांतच फळू लागते आणि त्याची फळेही बहुधा आकाराने सरस असतात. मात्र मुळे उथळ असल्यामुळे त्याला जन्मभर टेकू द्यावा लागतो आणि चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राहून, पिवळी पडतात. असे असूनही ‘कॉन्फरन्स’ जातीची काडी यांपैकी कोणत्याही मुळावर बांधा, तिला येणारे फळ तीच लांब मान आणि तीच तांबूस, खरबरीत साल घेऊन येते. फळाचा स्वभाव वरून ठरतो. ते किती यावे, केव्हा यावे आणि किती वर्षे येत राहावे, याचा निवाडा बव्हंशी खाली होतो. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि जमीन कसणारे कूळ दुसरेच, असा हा व्यवहार आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली असून त्यांत अधिष्ठानाला पहिले स्थान दिले आहे, कर्त्याचा क्रम त्यानंतरचा आहे आणि दैव अगदी शेवटी आले आहे. जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असा अभिप्रायही तेथे आहे. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे. नासपतीच्या जातीचे शरीर कोणते, असे विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. 1770 च्या सुमारास इंग्लंडात बर्कशायरमधील ऑल्डरमॅस्टन येथे एका शाळामास्तरांच्या बागेत जी नासपती निपजली, तिच्याच काड्या आजवर नवनव्या मुळांवर चढत जगभर गेल्या आहेत. तिला नाव मिळाले ते मात्र तिचा प्रसार करणाऱ्या विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याचे, आणि अमेरिकेत तर एनॉक बार्टलेट या बागमालकाचे, ज्याला ती मुळात कोणती जात आहे हेही माहीत नव्हते! कर्तृत्वाची मालकी जगात कशी ठरते, याचा याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

सेंट पॉलने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या जैतुनावर कलम केल्याचा दृष्टान्त योजिला आहे. माळ्याची रीत याच्या अगदी उलट, रानमुळावर उत्तम काडी बांधण्याची. आणि आपण वर्णिलेले कलम निसर्गक्रमाविरुद्ध आहे हे पॉल स्वतःच सांगतो. फांदीने गर्व करू नये, तिला मूळ धारण करते, हा त्याचा उपदेश. धारणेपुरता तो निर्विवाद खरा आहे. पण प्रत्येक मूळ प्रत्येक फांदीला धारण करू शकते, असे नासपतीचा अनुभव सांगत नाही. हीच विल्यम्स जात बिहीवर बांधली तर सांधा जुळल्यासारखा दिसतो, काही वर्षे झाड वाढतेही, आणि मग एखाद्या वादळी दिवशी फळांनी लदलेले खोड सांध्यावर इतके स्वच्छ तुटते की दोन्ही तोंडे रंधा मारल्यासारखी गुळगुळीत असतात. बिहीच्या अंगात प्रुनासिन नावाचे एक द्रव्य असते. तिला स्वतःला ते बाधत नाही. नासपतीच्या पेशींत चढल्यावर मात्र त्याचे विघटन होऊन हायड्रोसायनिक आम्ल सुटते व सांध्यावरच्या पेशी मरतात. म्हणून शहाणे माळी ‘ब्यूरे हार्डी’सारख्या, दोघांशी जमणाऱ्या जातीचा तुकडा मध्ये बांधून मग त्यावर विल्यम्स चढवितात. दोष मुळाचा नाही, काडीचाही नाही. तो संबंधात आहे, आणि संबंध जोडणारा हात माणसाचा आहे.

येथे दैवाचा कैवारी कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येकांनी जपानी व चिनी नासपतीच्या बीजरोपांवर बागा उभारल्या, आणि त्यामागे फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पाडणाऱ्या ‘फायर ब्लाइट’ रोगापुढे मुळे तरी टिकावीत, असा दूरदृष्टीचा हेतूही होता. त्यांतील जपानी मुळांवर बार्टलेटच्या फळाचे टोक पुष्कळदा टणक आणि काळे निघू लागले. पुढे 1959 नंतरच्या तीन-चार वर्षांत दहा लाखांहून अधिक झाडे मेली किंवा निकामी झाली. सिला या चिमुकल्या किड्याने आणलेल्या रोगामुळे सांध्याखालच्या अन्नवाहिन्या मरत होत्या. साल सोलली की सांध्यावर एक तपकिरी रेघ दिसे, आणि त्या रेघेखाली, पानांनी भरपूर अन्न शिजविले असताही, मुळे उपाशी मरत.

रोग आला हे दैव, एवढे मी मान्य करीन. परंतु युरोपीय नासपतीच्या मुळांवरची झाडे त्याच रोगात बव्हंशी तगली, हे पाहिल्यावर सारा भार दैवाच्या खात्यावर टाकणे ही पळवाट ठरते. निवड करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता म्हणून निवडीचा परिणाम त्याच्या कर्मातून वजा होत नाही. कॅलिफोर्नियात नंतर युरोपीय बीजरोपांवर आणि ‘ओल्ड होम’ व ‘फार्मिंगडेल’ यांच्या संकरातून निघालेल्या खुंटांवर नव्या बागा लावण्यात आल्या, आणि वरची जात पूर्वीचीच, बार्टलेट, ठेवण्यात आली.