पाटीवर काय लिहू?

आमच्या वस्तीतला एक पोरगा नाक्यावर चहा-वडापावची टपरी टाकतोय. आईचं डोरलं गहाण पडलंय त्यापायी. परवा विहारातली मीटिंग आटोपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, पेंटर पाटीचं विचारतोय. काय लिहू?"

मी सहज बोललो, "त्यात काय विचारायचं? जयभीम टी स्टॉल."

पोरगा खाली बघत उभा. मग हळूच बोलला, "गिऱ्हाईक तुटंल ना भाऊ. समोर सगळी सोसायटीची पब्लिक. 'माउली' लिहू का?"

आमच्यातला एक जण हे ऐकत होता. तो उसळला. "बापाचं नाव लावायची लाज वाटते? मग विहारात कशाला येतो?" पोरगा चप्पल घालून निघून गेला. मी काहीच बोललो नाही, आणि मला रात्री झोप आली नाही. कारण ते वाक्य पोराला लागायच्या आधी मला लागलं होतं.

१९७९ सालची गोष्ट. मी फोर्टातल्या एका कचेरीत नुकता कारकून लागलो होतो. बा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आला होता. दुसऱ्या दिवशी त्याला कचेरी दाखवली आणि जवळच्या इराण्याकडे नेलं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. बा खुर्चीच्या कडेला बसला. बूनमस्का आला, चहा आला. बा बशीत ओतून प्याला. पिऊन झालं, तसा कपबशी उचलून उठला आणि हात धुवायच्या नळाकडे निघाला.

गावी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर कुडाला खोचलेली असायची. कानतुटकी. ती आपण काढायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पिऊन आपणच विसळायची, परत खोचायची. बाचे हात पन्नास वर्षं तेच करत आलेले.

मी धावलो. "बा, ठेव ते." तर म्हणतो, "इसळून ठेवतो की रे, कितीसा येळ लागतो." पलीकडच्या टेबलावर आमच्या कचेरीतले दोघे बसले होते. एकानं हसून विचारलं, "वडील कप का धुतायत रे?" मी बोललो, "गावाकडची सवय."

आता सांगा, हे खोटं होतं का? शब्दानं नव्हतं. सवय गावाकडचीच होती. पण ती कुणी लावली, ते मी गिळलं. ते दोघे हसले, मीही हसलो. बा नळापाशी पाठमोरा उभा होता. त्यानं ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही.

आपण मुंबईच्या इराण्याचे फार गोडवे गातो. तिथं जात विचारत नसत, दोन तास एका चहावर बसू देत. खरंच आहे. आमच्या पिढीनं चळवळीचे कितीतरी मसुदे त्या टेबलांवर लिहिले. इराणी बाहेरून आलेला, त्याचा देव वेगळा, त्याला गल्ल्याशी मतलब. पण तो विचारत नव्हता म्हणजे मी समान होतो की नुसता झाकलेला होतो? माझ्या खिशात नाणं होतं तोवर मी 'गिऱ्हाईक' होतो. कुणी 'तू कोण' असं विचारलं असतं आणि मी सांगून मग चहा आला असता, तर गोष्ट वेगळी. न विचारल्यामुळं मिळालेला चहा आणि विचारूनही मिळालेला चहा, दोन्ही गोडच लागतात. पण ते एक नव्हेत.

कुणी म्हणेल, खुद्द बाबासाहेबांनी नाव लपवलं होतं. हो. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा राहायला जागा मिळेना, म्हणून पारशांच्या मुसाफिरखान्यात पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी पारशी लोक काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत बाहेर व्हायला सांगितलं. कोलंबियात शिकून आलेला माणूस. पण बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. नाव बदललं, हे लिहिताना त्यांनी झाकलं नाही. मी 'गावाकडची सवय' बोललो ते आज चार दशकं उलटून गेल्यावर पहिल्यांदा लिहितोय.

पुढं बाबासाहेबांच्या घटनेनं हॉटेलाचं दार उघडलं. पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं नाव घेऊन आली आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात (१९७६ पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा) हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. म्हणजे कुडाला खोचलेली आमची कपबशी कायद्याला ठाऊक होती! आता ती उघड वेगळी ठेवणं गुन्हा. मग काय, टेबल वेगळं होतं आणि त्याला शाकाहार म्हणतात. २०२३ साली पवईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखली, आणि त्याचा निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड लावला.

तरी मला वाटतं, आपण कायम चुकीच्या दारापाशी भांडतोय. जातीचा नियम नीट बघा. देणारा बाटत नाही, घेणारा बाटतो. बामणानं आम्हाला वरून पाणी ओतलं तर त्याचं काही जात नाही. आमच्या हातचं प्याला तर गेला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचं प्रकरण झालं. टिळक, रानडे यांच्यासारखी मोठी माणसं तिथं जमली होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. बातमी छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. गुन्हा काय? दुसऱ्याच्या हातचं घेतलं. (त्यांना प्रायश्चित्ताची सोय तरी होती.)

म्हणून ते मला चहा देतात की नाही, ही अर्धी परीक्षा झाली. माझ्या हातचा पितात का, ही खरी. शहरात फिरून पाट्या वाचा. अस्सल ब्राह्मणी चव, घरगुती मराठा पद्धत, मालवणी, आगरी, कोल्हापुरी. आमच्या नावाची खानावळ शोधून दाखवा. आमच्या चुलीवरची वजडी, चान्या, रक्ती पुस्तकात आली, शाहू पाटोळेंनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. पाटीवर मात्र आली नाही. हॉटेलाच्या मोरीत भांडी घासायला आमची पोरं चालतात. गल्ल्यावर, स्वतःच्या नावानं, चालत नाहीत.

आता कोल्हापूरचं ऐका. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकर होते. हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. कुणाचं हॉटेल ते गावाला ठाऊक, त्यामुळं सवर्ण फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी घेऊन दारात यायला लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-बामणांनाही प्यायला लावायचे. राजाच्या समोर नाही कोण म्हणणार?

ही गोष्ट आपण दरवर्षी शाहू जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. पण तिच्यात धाडस एकट्या गंगारामांचं नाही, रोज येऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकाचंही आहे. आमचा पोरगा विचारतोय त्याचं उत्तर तिथं आहे. त्याला 'लाज वाटते का' विचारणारा आमचा कार्यकर्ता मीटिंग लावतो कुठं? एसीच्या कॉफी शॉपात, अडीचशेच्या कपावर. लावू दे, माझा त्यावर राग नाही. ते दारही आपलंच आहे. पण मग दुसऱ्याच्या आईच्या डोरल्यावर स्वाभिमान लिहायला सांगू नये. नाव लपवावं, असं मी म्हणणार नाही. नाव लावायची किंमत त्या एकट्या पोरानं भरावी, हेही माझ्या तोंडून निघणार नाही. पन्नास जण रोज तिथं प्यायला उभे राहतील, सोसायटीतल्या आपल्या ओळखीच्या दोघातिघांना हाताला धरून आणतील, तर त्यानं जयभीम लिहावं. नाहीतर माउली लिहू दे, आणि आपण गप्प बसू.

मी त्याच्याकडे जाऊन हे एवढंच बोललो. बाची गोष्टही सांगितली. तो ऐकून घेत होता आणि कप विसळत होता. पेंटर रविवारी यायचाय. टपरी बिनपाटीचीच चालू झाली आहे, सकाळी सहाला. मी जातो रोज. चहात साखर फार टाकतो पोरगा, सांगायला हवं त्याला.