ढोंग म्हणजे काय?

आंत एक आणि बाहेर दुसरें तें ढोंग, अशी व्याख्या आपण सहज करून मोकळे होतों. तिच्या आधारें माणसांस दोषही देतों. पण ती जशीच्या तशी मान्य केली, तर जगांतील पुष्कळसें सौंदर्य ढोंगी ठरेल. म्हणून तिची कसोटी पाहण्यासाठीं आम्ही एका वनस्पतिकुलाची साक्ष काढतों.

शास्त्रांत त्यास रॅनन्क्युलेसी व मराठींत मोरवेल-कुल म्हणतात. विलायती कुरणांतील बटरकप याच कुलांतला. त्याची रचना सरळ आहे : बाहेर पांच संदलें, म्हणजे कळीचें पांघरूण, आंत पांच पिवळ्या पाकळ्या, मध्यें पुष्कळ केसर. मुलें तें फूल हनुवटीखालीं धरून तीवर पडणारा पिवळा उजेड पाहतात. पाकळीच्या पातळ पिवळ्या त्वचेखालीं हवेचा थर असतो व त्यामुळें ही चकाकी वाढते, असें केंब्रिजच्या संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें. चकाकणाऱ्या त्याच पाकळीच्या तळाशीं मधाचा थेंबही असतो. येथें नांव, रूप आणि काम यांचा मेळ आहे.

भावंडांकडे वळलें कीं हा मेळ मोडतो. पावसाळा सरतां सरतां सह्याद्रींत फुलणारी निलवंती पाहा. तिच्या ज्या पांच निळ्या पाकळ्या आपण वाखाणतों, त्या पाकळ्या नव्हेतच, तीं संदलें. त्यांपैकीं एकास मागें पोकळ शेंपटी आहे. खऱ्या पाकळ्या लहान असून आंत बसतात, आणि त्यांतील दोघी आपल्या मधाच्या नळ्या त्या शेंपटींत सोडतात. हिमालयांतील बचनागाचें एक संदल टोपीसारखें वर वांकतें. मधाच्या दोन पाकळ्या तिच्याखालीं झांकलेल्या. मोरवेलीस तर पाकळ्याच नाहींत. चार पांढरीं संदलेंच मिरवितात.

आमच्या व्याख्येप्रमाणें हीं संदलें ढोंगी होत. परंतु मधमाशीस विचारावें. तिला पाकळीचें नांव नको, मध किंवा पराग हवा. आणि निळ्या रंगानें जें सुचविलें, तें तिला आंत मिळतें. उलट भूमध्य समुद्राकांठचें ऑफ्रिस नांवाचें आमर पाहा. तें मादी माशीचें रूप व गंध घेतें. नर येतो आणि रिकामाच परततो. ढोंग हें कीं तें? फरक रूपांत नाहीं, दिलेल्या वचनांत आहे.

कोणी म्हणेल, बचनागाच्या मुळांत प्राणघातक विष आहे, त्याचें काय? परंतु त्या फुलानें चरणाऱ्या जनावरास कांहीं देऊं केलेलें नाहीं. बटरकपचा पाला चावला तर तोंड पोळतें. चरणारें जनावर तो बहुधा टाळतें. वचन मधमाशीस, ताकीद गुरास. दोन्हीं पाळलीं जातात.

फुलास हेतु नाहीं, म्हणून त्यास पापही नाहीं व पुण्यही नाहीं, हें आम्ही जाणतों. निसर्गाकडून नीति शिकावयाची नसते; पण आपल्या ओबडधोबड व्याख्या त्याच्यापुढें ठेवून तपासून घेतां येतात.

आपल्या घरांतही दारावरची पाटी एकाची असते आणि मध दुसरेंच कोणी सांठवितें. मुलांचीं वह्या-पुस्तकें, आल्यागेल्याचें आतिथ्य, दुखणाइताची रात्र, हें सारें आंतल्या लहान पाकळीवर पडतें. नांव बाहेरच्या निळ्या संदलाचें होतें. एवढ्यानें तो बाहेरचा माणूस ढोंगी ठरत नाहीं. त्याच्या रंगाकडे पाहून आलेल्यास आंत कांहीं मिळतें ना, एवढेंच पाहावें. मात्र संदलास मन नाहीं आणि माणसास आहे. म्हणून माणसावर एक जास्तीचें ऋण येतें. मध आपला नव्हे, हें त्यानें उघडपणें म्हटलें पाहिजे. तें न म्हणतां जो मधाची स्तुति मुकाट्यानें स्वीकारतो, त्यास ढोंगी हा शब्द लावण्यास आमची हरकत नाहीं.