देहाची शुश्रूषा व मनाची शुश्रूषा

बाजाराच्या ओट्यावर किंवा एस. टी. स्थानकाच्या कोपऱ्यात एखादा मनुष्य पडलेला असतो. अंगावर चिंध्या, पायास जखम, आणि तोंडाने आपल्याशीच चाललेले बोलणे. त्याचे गाव कोणते, भाषा कोणती, हे कोणास ठाऊक नसते. बल्लारशा हे उत्तर व दक्षिण यांस जोडणाऱ्या लोहमार्गावरील मोठे स्थानक असल्यामुळे वाट चुकलेला मनुष्य आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोठूनही येऊन पोहोचतो. अशा निराश्रिताविषयी ख्रिस्ती जनांचे कर्तव्य काय, व ते कोठे पुरे होते, याचा विचार आज करू.

प्रथम आमचाच दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी असा एक मनुष्य आमच्या उपासनामंदिराच्या ओसरीवर येऊन राहिला. त्याच्या जखमेत किडे पडले होते. मंडळीच्या दोघा वडिलांसह आम्ही त्यास दवाखान्यात नेले. जखम धुतली गेली, पट्टी बांधली गेली, सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्याच्या असंबद्ध बोलण्याविषयी तेथे कोणी विचारले नाही, व आम्हीही विचारले नाही. सायंकाळी त्यास पुन्हा ओसरीवर बसवून आम्ही प्रार्थना केली व समाधानाने घरी गेलो. सकाळी पट्टी सोडून फेकलेली दिसली. गोळ्या चिखलात सापडल्या. चार दिवसांनी तो निघून गेला, तो पुन्हा दिसला नाही. "आपण आपल्याकडून केले, त्यालाच नको होते," असे मंडळीत बोलणे झाले, व आम्ही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आज आम्हांस लाज वाटते.

त्यास खरोखर नको होते काय? ज्याच्या कानांत अदृश्य आवाज अहोरात्र धमक्या देतात, त्यास पट्टी बांधणारा हातही वैऱ्याचा वाटतो. ज्यास घर नाही, त्यास गोळ्या ठेवावयास फळी नाही, वेळेची आठवण देणारे माणूस नाही, व जिवाच्या भयाने स्वस्थ झोपही नाही. क्षयाचे औषध तर महिनोन्महिने घ्यावे लागते. मन ठिकाणावर नसता ते कसे घेतले जावे? उलटपक्षी, रानातील हिवताप मेंदूत शिरला म्हणजे शहाणा मनुष्यही बरळू लागतो. त्यास भूत लागले असे समजून अंगारे लावीत बसल्यास थोडक्याच वेळात प्राण जातो. तेथे आधी रक्ताची तपासणी हवी. सारांश, देहाचा रोग मनाच्या रोगाचे रूप घेतो, व मनाचा रोग देहाचे औषध फुकट घालवितो. या दोहोंसाठी दोन निराळी दारे ठेवली, तर ज्यास स्वतःचे एकही दार नाही तो त्यांच्यामध्येच हरवतो.

शास्त्र काय शिकविते? एलीया रानात झुडपाखाली निजून मरण मागत होता (१ राजे १९). देवदूताने त्यास दोष दिला नाही. त्याने भाकर व पाणी दिले, निजू दिले, व पुन्हा उठवून जेवू घातले. देवाची मंद वाणी पुढे होरेब डोंगरावर आली. कोणी म्हणेल, कबरांत राहणारा तो मनुष्य तर प्रभूच्या शब्दानेच बरा झाला, औषधाने नव्हे. खरे आहे. परंतु ती कथा लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, व प्रभूच्या नावाने आपली वैद्यकी टाकावी असे त्यास वाटले नाही. शिवाय, त्या मनुष्यास साखळ्या गावकऱ्यांनी घातल्या होत्या. प्रभूने त्यास घरी पाठविले. आम्ही कोणाच्या बाजूचे आहोत?

आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन वसविले. घरातून हाकललेल्या कुष्ठरोग्यांस तेथे औषधाबरोबर निवारा, काम व सोबती मिळाले. जखमेसह अपमानही भरून यावा, हा त्यातील हेतू होता. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ पासून रस्त्यावरील मनोरुग्णांस हाती धरले. त्यांच्या कर्जत येथील आश्रयस्थानात अन्न, स्नान, देहाची तपासणी व मनाचे औषध एकाच छपराखाली मिळते, आणि शुद्धीवर आलेला मनुष्य आपले गाव सांगू लागला म्हणजे त्यास घरी पोहोचविले जाते. असे हजारो लोक घरी गेले. या सेवेबद्दल २०१८ साली डॉ. वाटवानी यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या खेड्यांत असे आश्रयस्थान नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरास आहे. म्हणून हात जोडून बसावे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेघर मनोरुग्णास सरकारी दवाखान्यात मनाचे उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यास दारिद्र्यरेषेचे कार्ड मागता येत नाही. साखळीने बांधणे निषिद्ध आहे. स्वतःस सांभाळू न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्यास चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणे व त्याच्या घरच्यांचा शोध करणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यास कोठडीत ठेवता येत नाही. १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो.

उपदेशक बंधूंनो, यापुढे असा कोणी ओसरीवर आला तर प्रथम त्याच्याजवळ बसा, नाव विचारा व भाकर द्या. दवाखान्यात नेल्यावर जखमेबरोबर त्याच्या मनाचीही विचारपूस होईपर्यंत उठू नका. मंडळीतील एका घराने गोळ्या सांभाळाव्या, एकाने रोज देण्यास जावे. प्रार्थना अवश्य करा. परंतु ती करून घरी निघून जाऊ नका. त्या शोमरोनी मनुष्याने जखम बांधून उतारशाळेचा खर्च दिला, आणि परत येण्याचे वचनही दिले. आम्ही त्या सायंकाळी जखम बांधली होती. परत मात्र आलो नव्हतो.