फरारी शिपाई आणि त्याचा माग काढणारा

युद्धभूमीवरून पळालेल्या शिपायास काय शिक्षा असावी, याविषयीं पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु त्याचा माग काढण्यासाठीं जो लष्करी तपास-अंमलदार पाठविला जातो, त्याचें कर्तव्य कोठें संपतें, या प्रश्नाकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. फरारी सांपडला, त्याच्या हातांत बेड्या पडल्या, म्हणजे अंमलदाराचें काम झालें काय? आमच्या मतें त्याचें खरें काम तेथूनच सुरू होतें.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. पहाऱ्यावरून जो पळतो, तो आपल्या वांट्याचा धोका शेजारच्या सोबत्यावर टाकतो. त्या सोबत्यालाही घर असतें, आई असते आणि जिवाची भीतिही असते. म्हणून फरारी मनुष्याचा शोध घेणें हें क्रौर्य नव्हे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायांतही भित्र्या मनुष्याविषयीं नियम आहे; पण त्याचा रोख निराळा आहे. अशा मनुष्यानें लढाईच्या आधींच घरीं परत जावें, नाहींतर त्याच्या भावांचींही मनें खचतील, असें तेथें सांगितलें आहे. गिदोनाच्या सैन्यांतून २२,००० लोक याच न्यायानें परत गेले. भीति ही आधीं विचारून घेण्याची गोष्ट आहे, असें त्या नियमानें मानिलें. गेल्या दोन महायुद्धांतील आघाडीवरच्या शिपायास मात्र अशी परतीची वाट नव्हती.

२५ ऑगस्ट १९४४ रोजीं पॅरिस शहर मुक्त झालें. पुढें सरकणाऱ्या अमेरिकन सैन्यासाठीं लॉऱ्यांतून पेट्रोल जाऊं लागलें. आणि त्याच सैन्यांतून पळालेल्या कांहीं शिपायांनीं टोळ्या करून तें चोरण्याचा व पॅरिसच्या काळ्या बाजारांत विकण्याचा धंदा मांडिला. लष्कराचे तपास-अंमलदार त्यांच्या मागावर होते, आणि तें योग्यच होतें. कारण पेट्रोलावांचून रणगाडे अडले म्हणजे पुढच्या फळीतील माणसें मरतात. पण त्याच सैन्यांत एडी स्लोविक नांवाचा एक शिपाई होता. त्यानें लष्कराचा माल विकला नाहीं. आपण पळालों होतों आणि आघाडीवर पाठविल्यास पुन्हां पळूं, असें लिहून देऊन तो स्वतःच स्वाधीन झाला. ११ नोव्हेंबर १९४४ रोजीं त्याची चौकशी झाली, आणि ३१ जानेवारी १९४५ रोजीं त्यास गोळी घालण्यांत आली. त्या महायुद्धांत पलायनाबद्दल २१,००० हून अधिक अमेरिकन शिपाई दोषी ठरले. ४९ जणांस देहान्ताची शिक्षा सांगण्यांत आली. ती अमलांत आली एकट्या स्लोविकच्या बाबतींत. पेट्रोलचोर आणि हा मनुष्य यांना कायद्याच्या कागदावर नांव मात्र एकच: फरारी.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें तर याहून अधिक घाई केली. थॉमस हायगेट हा शिपाई ६ सप्टेंबर १९१४ रोजीं फ्रान्समध्यें एका जमीनदाराच्या छपरांत सांपडला. त्याच दिवशीं चौकशी झाली, आणि ८ तारखेस त्याचा देहान्त झाला. त्याच्या बाजूनें बोलावयास कोणीही नव्हतें. हॅरी फार यानें १९१६ च्या सप्टेंबरांत पुढें जाण्याचें नाकारलें. तोफांच्या भडिमारानें मन खचून तो आदल्या वर्षीं पांच महिने रुग्णालयांत होता. त्याची प्रकृति ज्या डॉक्टरास ठाऊक होती, त्याची साक्ष झालीच नाहीं. १८ ऑक्टोबर १९१६ रोजीं फारलाही गोळी घालण्यांत आली. पुढें १९३० सालीं ब्रिटिश कायद्यांतून पलायनासाठीं देहान्ताची शिक्षा गेली. आणि २००६ सालीं पहिल्या महायुद्धांतील अशा ३०६ शिपायांस माफी देण्यांत आली. त्यांत हायगेट आणि फार हेही होते. तोंपर्यंत ९० वर्षें लोटलीं होतीं.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. न्यायाधीश आरोपीस मेजासमोर उभा असलेला पाहतो. माग काढणारा त्यास छपरांत, गवताच्या गंजींत, भुकेलेला असा पाहतो. त्याचे हात कांपतात काय, तो झोपेंत ओरडतो काय, त्याच्याजवळ चोरीचा पैसा आहे कीं केवळ घरचें पत्र आहे, हें त्यासच दिसतें. तें त्यानें लिहिलें नाहीं, तर न्यायालयास तें कदाचित् कधींच कळणार नाहीं. कोणी म्हणेल, शिक्षा हलकी करणें हें अंमलदाराचें काम नव्हे. खरें आहे. त्यानें शिक्षा हलकी करूं नये, कैद्यास सोडूनही देऊं नये. पण मनुष्य पुरा आणि सत्य अर्धें, असें घेऊन त्यानें परत येऊं नये; कारण त्या अर्ध्या सत्यावर दुसऱ्याचें मरण ठरतें.

वाचकहो, आपल्या गांवांतूनही कर्जापायीं किंवा लाजेपायीं एखादा मनुष्य रातोरात निघून जातो, आणि त्यास शोधावयास कोणी तरी पाठविला जातो. तो पाटलाचा माणूस असो, पंचांचा असो, कीं सख्खा भाऊ असो, परत आणतांना वाटेंत त्यानें "कां गेलास?" एवढें विचारावें, आणि जें उत्तर मिळेल तें बैठकींत जसेंच्या तसें सांगावें. निवाडा काय करावयाचा तो मग पंच करतील.