व्हर्न परत का जातो?

फ्रेंच गयानाच्या कैदी-वसाहतीतून पळालेला व्हर्न जिवावरचा समुद्रप्रवास करून किनाऱ्याला लागतो आणि तिथून आपणहून तुरुंगात परततो. फ्रँक बोर्झेगी यांचा 'स्ट्रेंज कार्गो' (१९४०) गुन्हेगारीपट म्हणून सुरू होतो आणि एका धार्मिक प्रश्नापाशी येऊन थांबतो. पाप धुतलं गेलं असेल, तर शिक्षा भोगायची कशासाठी?

क्लार्क गेबलचा व्हर्न देवाधर्माची टर उडवणारा. होडीत कांब्रो नावाचा एक गूढ सहप्रवासी आहे. मरणाऱ्यांना तो धीर देतो, त्यांच्या मनावरचं ओझं उतरवतो. भर वादळात व्हर्न त्यालाच समुद्रात ढकलतो. फळीच्या आधाराने तरंगणारा कांब्रो क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा दिसतो. बुडणारा माणूस आपल्यामुळे बुडतोय, हे व्हर्नला उमगतं आणि तो त्याला वाचवतो. इथे पश्चात्ताप अश्रूंत नाही, कृतीत आहे. म्हणूनच तो खरा वाटतो.

'लीजन ऑफ डिसेन्सी' या अमेरिकेतल्या कॅथलिक संघटनेला मात्र चित्रपटातली धर्मकल्पना खटकली आणि तिने तो आधी निषिद्ध ठरवला. पण व्हर्नचं परतणं कॅथलिक शिकवणीला धरूनच आहे. क्षमेने अपराध मिटतो, तरी त्याची भरपाई उरते, असं ती शिकवण सांगते.

सगळेच बदलत नाहीत. बायकांना विष घालून मारणारा हेस्लर कांब्रोकडे पाठ फिरवून एकटाच निघून जातो. क्षमा कुणावर लादता येत नाही, हे चित्रपट प्रामाणिकपणे मान्य करतो.

अडचण वेगळीच आहे. व्हर्न परततो तो तुरुंग कसला होता? रवींद्र गुर्जरांच्या अनुवादामुळे याच वसाहतीची कहाणी सांगणारं 'पॅपिलॉन' वाचलेल्या मराठी वाचकाला ते सांगायला नको. १८५४च्या कायद्यानुसार आठ वर्षांहून कमी शिक्षा झालेल्याला ती संपल्यावरही तितकीच वर्षं वसाहतीत काढावी लागत; आठ किंवा अधिक वर्षांची असेल, तर जन्मभर. जिथे भरपाईला शेवटच नाही, तिथे प्रायश्चित्त कसं पूर्ण व्हायचं?

साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेचे शार्ल पेआँ १९२८मध्ये या वसाहतीत गेले. त्यांचीही ख्रिस्तावर अढळ श्रद्धा होती. त्यांनी शिक्षा संपूनही अडकलेल्यांना मायदेशी आणण्यासाठी आणि वसाहत बंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षं झुंज दिली. १९३८मध्ये फ्रान्सने तिथे कैदी पाठवणं थांबवलं. शेवटचे कैदी १९५३मध्ये परतले. व्हर्नच्या निर्णयाचा आदर करावाच, पण पेआँ यांनी श्रद्धेचा लावलेला अर्थ अधिक मोठा आहे.